समाजशास्त्र शिकून पुढे काय? एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला समाजशास्त्र मनापासून आवडते आणि त्यातच एम.ए. करावे असे तिला वाटते. वडिलांचे म्हणणे असे की या विषयाला नोकरी नाही. वरच्या वर्गातली मुले सांगतात की स्पर्धा परीक्षेला सोपा जातो, एवढाच त्याचा उपयोग. शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे, इंग्रजीची धास्ती आहे आणि घरची परिस्थिती बेताची आहे. अशा वेळी हा विषय घ्यावा का, कोठे शिकावा आणि त्यातून पुढे नेमके काय होते, हे तिने विचारले आहे.

मी पदव्युत्तर वर्गांना समाजशास्त्र शिकवत आले आहे आणि शिकवण्याच्या जोडीने ग्रामीण भागातील सर्वेक्षणांचे कामही करत आले आहे. त्या दोन्ही बाजूंनी जे दिसले त्यावरून हे उत्तर लिहीत आहे.

वडिलांचे म्हणणे मी खोडून काढणार नाही. अभियंता, परिचारिका किंवा लेखापाल यांच्यासाठी जशा थेट जाहिराती निघतात, तशा समाजशास्त्राच्या पदवीधरासाठी अध्यापन सोडल्यास फारशा निघत नाहीत. काम मात्र आहे, आणि ते निरनिराळ्या नावांनी निघते : संशोधन सहायक, क्षेत्र समन्वयक, मूल्यमापन अधिकारी, पुनर्वसन तज्ज्ञ. ही कामे ज्यांना मिळतात त्यांच्यात मला एकच समान गोष्ट आढळली आहे. त्यांनी विद्यार्थिदशेतच स्वतः जाऊन माहिती गोळा केलेली असते, ती तपासलेली असते आणि तिच्यावर स्वतःच्या शब्दांत लिहिलेले असते. गाईडवर उत्तीर्ण झालेला आणि असे काम केलेला, दोघांच्या गुणपत्रिका सारख्या दिसू शकतात, परंतु त्यांचे पुढचे रस्ते पहिल्या वर्षातच वेगळे होतात. म्हणून विषय घ्यावा की नाही यापेक्षा तो कसा शिकणार, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

हा विषय विचार करायला कसा शिकवतो, हे एका उदाहरणावरून पाहू. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी डोक्याला मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. वर्तमानपत्रांनी ते गमतीचे छायाचित्र म्हणून छापले. शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही, हे वाक्य तुमच्याही गावात रोज कोणीतरी बोलत असेल, आणि त्यावरचे तयार उत्तरही ठरलेले असेल : आजकालच्या मुलींच्या अपेक्षा वाढल्या आहेत. समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीने येथे थांबायचे नसते.

ती आधी जनगणनेची पाने उघडते. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात २०११ चा आकडा ८०७ इतका खाली आला होता. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला, आणि तरीही हे प्रमाण घसरत राहिले. मोर्चातले तरुण जन्मले ते याच काळात, किंवा त्याच्या थोडे आधी. दुसरी गोष्ट अशी की आपल्याकडे नवरी नवऱ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान पाहिली जाते, म्हणजे मुलगे आपल्या नंतर जन्मलेल्या मुलींमध्ये वधू शोधतात. त्याच काळात जन्मदरही उतरत होता. राज्यात एका स्त्रीमागे सरासरी मुलांचे प्रमाण १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २.९ च्या आसपास होते, ते २०१९-२१ च्या सर्वेक्षणात १.७ झाले. नंतरच्या पिढ्या आकारानेच लहान होत गेल्या आणि त्यांत मुली आणखी कमी होत्या. तिसरी गोष्ट म्हणजे जातीत, शक्य तर पोटजातीतच लग्न करण्याचा नियम, ज्यामुळे उपलब्ध स्थळांचा परीघ मुळातच आखडतो. चौथी, वाटण्या होऊन दोन-तीन एकरांवर आलेली जमीन. आणि पाचवी, मुलीला तिच्यापेक्षा वरचढ घरात देण्याची रीत, ज्यामुळे शिकलेल्या मुलीचे आईवडील गावातल्या शेतकऱ्यापेक्षा शहरातल्या पगारदाराला पसंती देतात, आणि अल्पभूधारकाचा मुलगा रांगेत शेवटी उभा राहतो.

एवढे मांडल्यावर त्या मुलाचे एकटेपण खासगी राहत नाही. त्याच्या मागे लोकसंख्या, जमीन, जात आणि नातेव्यवस्था अशी एकमेकांत गुंतलेली रचना दिसू लागते. आणि मग खरे प्रश्न सुरू होतात. दूरच्या जिल्ह्यांतून, कधी मध्यस्थाला पैसे मोजून आणलेल्या नववधूंचे काय होते? ज्या वाडीत तीस-पस्तीस वर्षांचे दहा-बारा अविवाहित पुरुष आहेत, तेथील म्हाताऱ्यांचे कोण करते? स्थळांची एवढी टंचाई असताना हुंडा का आटत नाही, की तो आटला आहे आणि आपल्याला दिसलेला नाही? यांतला एकेक प्रश्न एम.ए.च्या प्रबंधिकेला, म्हणजे पदवीसाठी लिहायच्या छोट्या संशोधनाला, पुरून उरेल असा आहे, आणि ते तुमच्या गावातच बसून अभ्यासता येतात.

आता अभ्यासक्रमाविषयी. बहुतेक विद्यापीठांत एम.ए.ला अभिजात सिद्धांत, भारतीय समाजाचा अभ्यास, संशोधन पद्धती, आणि त्यानंतर ग्रामीण, नागरी, लिंगभाव, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण यांपैकी निवडलेले विषय असतात. मार्क्स, दुर्खीम आणि वेबर हे तिघे टाळता येत नाहीत, आणि टाळूही नयेत. आत्महत्येसारखी अत्यंत वैयक्तिक वाटणारी कृतीसुद्धा समाजाच्या बांधणीशी कशी निगडित असते हे दुर्खीमने १८९७ मध्ये आकडेवारीच्या आधारे मांडले. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्यांवर बोलू इच्छिणाऱ्याने ती मांडणी वाचलेली असली पाहिजे, आणि ती आपल्याकडे कोठे अपुरी पडते हेही त्याला सांगता आले पाहिजे.

मराठी विद्यार्थ्यांना एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते, ती अशी की हा विषय भारतात रुजला तो बऱ्याच अंशी आपल्याच भागात. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये सुरू झाला आणि त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडीस हे नगररचनाकार होते. १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो विभाग सांभाळला. एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई आणि इरावती कर्वे हे सगळे घुर्यांचे विद्यार्थी. इरावतीबाई १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. त्यांचे लेखन मराठी वाचकाला ठाऊक असते, परंतु कोयना धरणामुळे उठलेल्या गावांतील लोकांची त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केलेली पाहणी, जी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली, ती फार थोड्यांना माहीत असते. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्यात त्यानंतर झाला. त्याच्याही मागे गेले, तर जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याचे केलेले विश्लेषण आहे, त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ मध्ये बलुतेदारीची केलेली बारीक नोंद आहे, विठ्ठल रामजी शिंद्यांचे अस्पृश्यतेवरचे संशोधन आहे, आणि १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात तरुण आंबेडकरांनी जातीच्या उगमावर वाचलेला निबंध आहे. अलीकडच्या काळात कासेगावात राहून जातिविरोधी चळवळींवर लिहिणाऱ्या गेल ऑम्व्हेट आणि पुणे विद्यापीठात दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना समाजशास्त्राच्या वर्गात आणणाऱ्या शर्मिला रेगे यांनी ही परंपरा पुढे नेली. मराठी माध्यमातून आल्याचा संकोच वाटत असेल, तर यातील बरेच मूळ साहित्य आपल्याला अनुवादाशिवाय वाचता येते, याची जाणीव ठेवा. दिल्लीतील विद्यार्थ्याला ते वाचता येत नाही.

इंग्रजीचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही, कारण संशोधनाचे लेख, नेटची (प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची) तयारी आणि बहुतेक संस्थांचे अहवाल इंग्रजीत असतात. यावर माझा अनुभव असा आहे की बोलण्याच्या वर्गांपेक्षा नियमित वाचन अधिक उपयोगी पडते. मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'मधला महाराष्ट्राशी संबंधित एक लेख आठवड्याला घ्यावा, तो परिच्छेदागणिक वाचावा आणि त्याचा सारांश मराठीत एका पानात लिहावा. विषय ओळखीचा असल्याने अर्थ लागतो, आणि वर्षभरात वाचनाचा वेग लक्षात येण्याइतका वाढतो. मराठी सुटू देऊ नका. गावात मुलाखत मराठीत, तीही त्या भागाच्या बोलीत होते, आणि ती नेमकेपणाने टिपणारी माणसे मोठ्या संस्थांनाही सहज मिळत नाहीत.

क्षेत्रकार्य म्हणजे नेमके काय, हे एका घरापुरते सांगते. सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत 'व्यवसाय' असा रकाना असतो. घराच्या ओट्यावर बसलेल्या बाईला आपण विचारतो, तुम्ही काय काम करता? ती म्हणते, मी कुठं काय करते, घरीच असते. नवखा अन्वेषक 'गृहिणी' लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. अनुभवी अन्वेषक विचारतो, आज सकाळी उठल्यापासून काय काय केलंत, ते सांगता का? मग बाहेर येते : पहाटे दोन म्हशींचे शेण काढले, धार काढून डेअरीला दूध पाठवले, स्वयंपाक केला, दहा ते दोन स्वतःच्या रानात कांद्याची खुरपणी केली, येताना गवताचा भारा आणला. डेअरीचे खाते नवऱ्याच्या नावावर आहे आणि सातबारा सासऱ्याच्या. एका प्रश्नाच्या दोन रीतींनी त्या घराचे दोन वेगळे हिशेब निघाले, आणि गावातल्या दोनशे घरांत पहिलीच रीत वापरली गेली, तर अहवालात ठामपणे छापले जाईल की येथील स्त्रिया आर्थिक कामात फारशा नाहीत. २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराचे जे सरकारी सर्वेक्षण झाले त्यात माणसाला व्यवसाय विचारून न थांबता संपूर्ण दिवसाचा हिशेब घेतला गेला, आणि त्यातून दिसले की विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. प्रश्न कसा विचारायचा, कोणासमोर विचारायचा, सासूबाई शेजारी असताना काय विचारायचे नाही, उत्तर खोटे वाटले तर काय करायचे, हे कौशल्य वर्गात बसून येत नाही. परंतु ते आले की कोणत्याही संस्थेत तुमचे काम वेगळे दिसते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीलाच फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांना श्रेयांक आहेत. बऱ्याच ठिकाणी हे प्रकल्प मागच्या वर्षीच्या फायलीवरून उतरवून, बांधून जमा केले जातात. तुम्ही तसे करू नका, कारण बी.ए.ला असताना कोणाच्या तरी देखरेखीखाली, विनाखर्च काही करून पाहण्याची ती एकमेव संधी आहे. विषय लहान घ्या. 'ग्रामीण स्त्रियांचे सक्षमीकरण : एक अभ्यास' या शीर्षकाखाली काहीही सिद्ध होत नाही. गावातील दोन बचत गट घेऊन, मागील दोन वर्षांत कर्ज कोणाच्या नावावर उचलले गेले, ते प्रत्यक्षात कोणी आणि कशासाठी वापरले आणि हप्ता कोणी कोठून भरला, एवढेच वीस घरांत विचारा. त्या वीस घरांची नीट लिहिलेली बारा पाने कोणत्याही मुलाखतीत तुमच्या कामी येतील.

याच जोडीला आकडेवारी शिका. समाजशास्त्राकडे येणारी अनेक मुले गणित सोडल्याच्या आनंदात येतात आणि संख्यात्मक पद्धतीचा पेपर पाठ करून काढतात. टक्केवारी, सरासरी आणि मध्यक यांतला फरक, दोन चलांचे कोष्टक वाचणे, नमुना कसा निवडला हे विचारणे, एवढे पक्के असले तरी पुरेसे पायाभूत ज्ञान होते. एक्सेल आले पाहिजे, आणि कोबो टूलबॉक्ससारख्या साधनावर मोबाइलमध्ये प्रश्नावली तयार करता आली पाहिजे, जे शिकायला आठवडाही लागत नाही. निवडणुकांच्या काळात लोकनीतीसारख्या संस्था आपल्या सर्वेक्षणांसाठी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अन्वेषक म्हणून घेतात. मानधन मोठे नसते, परंतु प्रशिक्षण चांगले मिळते, त्यामुळे प्राध्यापकांकडे त्याची चौकशी करून ठेवा.

आता कामांकडे वळते. पहिले अध्यापन, कारण बहुतेकांच्या मनात तेच असते, आणि त्याबद्दल गोड बोलून कोणाचे भले होणार नाही. वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी एम.ए.ला किमान ५५ टक्के गुण (आरक्षित प्रवर्गांना सवलतीसह) आणि नेट किंवा सेट लागते, किंवा नियमांनुसार मिळवलेली पीएच.डी. नेट वर्षातून दोनदा होते. सेट ही राज्य पातळीवरची तशीच पात्रता परीक्षा, ती महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेते. अडचण त्यापुढे आहे. राज्यात कायमस्वरूपी भरती दीर्घकाळ अडखळत चालली आहे आणि रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, नेमणुका होतात. सेट-नेट झालेली, पीएच.डी. केलेली माणसे दर तासाच्या हिशेबाने, सुट्ट्यांचे पैसे न मिळता, पुढच्या वर्षी नाव असेल की नाही याची खात्री नसताना वर्षानुवर्षे शिकवत आहेत. त्यांच्यातले कित्येक अत्यंत चांगले शिक्षक आहेत आणि त्यांच्यावर होणारा हा अन्याय मला सहन होत नाही. अनुदानित संस्थांतील काही नेमणुकांमागे पैशाचे व्यवहार होतात, हेही उघड गुपित आहे. म्हणून अध्यापन हे ध्येय जरूर ठेवा, परंतु एकमेव ध्येय ठेवू नका, आणि नोकरीसाठी कोणी पैसे मागितले तर जमीन विकून ते देण्याचा विचार घरात कोणालाही करू देऊ नका. कनिष्ठ महाविद्यालयात एम.ए.सोबत बी.एड. लागते. गावाजवळ राहणे आवश्यक असेल, तर तो मार्ग तुलनेने वास्तववादी आहे.

स्पर्धा परीक्षांबाबत वरच्या वर्गातली मुले सांगतात त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाचे दोन पेपर मिळून ५०० गुण असतात, एकूण लेखी परीक्षा १७५० गुणांची असते, आणि समाजशास्त्र हा तेथे पुष्कळांनी निवडलेला विषय आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली असून तेथेही वैकल्पिक विषय आला आहे. विषयाचा उपयोग निबंधाला आणि सामान्य अध्ययनाच्या काही भागालाही होतो. परंतु तो सोपा आहे हे खरे नाही. अभ्यासक्रम आटोपशीर आहे, इतकेच, आणि सर्वसाधारण ज्ञानावर लिहिलेल्या उत्तराला परीक्षक ओळखतात. तयारीला किती वर्षे द्यायची याची मर्यादा आधी घरी बसून ठरवा. पुण्यात सदाशिव पेठेतल्या खोल्यांत तिशी ओलांडलेली हुशार मुले मी पाहिली आहेत, ज्यांच्याजवळ त्या वर्षांचे दाखवण्याजोगे दुसरे काही राहिलेले नाही. एम.ए. करताना प्रबंधिका मनापासून केली, तर परीक्षेत यश न आले तरी ती हातात राहते.

एक गफलत पुष्कळांची होते, ती आधीच सांगते. समाजशास्त्रातील एम.ए. आणि समाजकार्यातील एम.एस.डब्ल्यू. या दोन वेगळ्या पदव्या आहेत. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक, समुपदेशनाची बरीच पदे, कामगार कल्याणाशी संबंधित नेमणुका यांच्या जाहिरातींत सामान्यतः समाजकार्याची पदवी मागितलेली असते आणि तेथे समाजशास्त्राचा अर्ज छाननीतच बाद होतो. माणसांना थेट मदत करण्याची ओढ असेल, तर पुण्यातील कर्वे समाज सेवा संस्था, मुंबईतील निर्मला निकेतन किंवा टाटा सामाजिक विज्ञान संस्था येथील समाजकार्याचे अभ्यासक्रम पाहा. गोष्टी अशा का आहेत हे शोधण्याची ओढ असेल, तर समाजशास्त्र. जे पद मनात आहे त्याच्या मागील दोन-तीन जाहिराती काढून पात्रतेची ओळ वाचणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

सर्वाधिक विद्यार्थी प्रत्यक्षात जेथे स्थिरावतात ते क्षेत्र म्हणजे विकासाची आणि संशोधनाची कामे. कंपनी कायदा २०१३ ने ठरावीक आकारापुढील कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामांवर खर्च करण्याचे बंधन घातले, तेव्हापासून सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या या सामाजिक खर्चाच्या, पैशांवर चालणारे शाळा, पाणी, आरोग्य यांचे प्रकल्प वाढले आणि त्यांचा परिणाम मोजणाऱ्यांची गरजही वाढली. त्याच वर्षीच्या भूसंपादन कायद्याने जमीन घेण्यापूर्वी सामाजिक परिणाम मूल्यांकन आवश्यक केले. महाराष्ट्रासह काही राज्यांनी नंतर अनेक प्रकल्पांना त्यातून सूट दिली, ही खेदाची बाब आहे, तरी परदेशी कर्जावरच्या मोठ्या प्रकल्पांना पुनर्वसनाचे जाणकार लागतातच. कोयनेची ती पाहणी ज्या प्रश्नांना भिडली होती, तेच प्रश्न येथे पुन्हा समोर येतात : पाण्याखाली किंवा रस्त्याखाली गेलेल्या जमिनीचा मोबदला नावावर असलेल्याला मिळतो, पण त्याच जमिनीवर मजुरी करणाऱ्याचे, गायरानात शेळ्या चारणाऱ्या बाईचे काय झाले, हे कागदावर आणणारे कोणीतरी लागते. पुण्यातील बार्टी (डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था), यशदा (प्रशासकीय प्रशिक्षणाची संस्था) आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, राज्यातील उमेद हे ग्रामीण जीवनोन्नती अभियान, माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) येथेही कंत्राटी स्वरूपाची पदे वेळोवेळी निघतात. सुरुवातीचा पगार साधारणच असतो, करार अकरा महिन्यांचे असतात, फिरती भरपूर असते. तीन-चार वर्षे टिकून, अहवाल लिहिता येऊ लागला की परिस्थिती पुष्कळ सुधारते, आणि येथे भाषेवरची पकड पदवीइतकीच मोजली जाते.

शहरांतील बाजार संशोधन कंपन्या आणि मोबाइल ॲप तयार करणाऱ्या कंपन्यांतील युजर रिसर्च, म्हणजे ॲप वापरणाऱ्यांचा अभ्यास, हीसुद्धा समाजशास्त्राच्या पदवीधरांची क्षेत्रे आहेत. पगार चांगले असतात. मला त्यांचा प्रत्यक्ष अनुभव कमी असल्याने एवढेच सांगते की तेथेही मुलाखत घेण्याचे आणि आकडे वाचण्याचे तेच कौशल्य विचारले जाते. पत्रकारिता आणि कायदा यांसाठी समाजशास्त्र हा चांगला पाया आहे, परंतु त्यांचे स्वतंत्र शिक्षण घ्यावे लागते.

आणखी एक काम समोर उभे आहे. पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होणार आहे आणि १९३१ नंतर प्रथमच तीत सर्व जातींची नोंद घेतली जाणार आहे. एकाच जातीची जिल्ह्यागणिक वेगळी नावे, आडनावालाच जात म्हणून सांगणारी माणसे, पोटजात सांगावी की मोठी जात अशी घरातलीच मतभिन्नता, या सगळ्यातून येणारी माहिती लावून तिचा अर्थ सांगण्यासाठी पुढची बरीच वर्षे गावपातळी ओळखणारे अभ्यासक लागतील. तुमचे एम.ए. पूर्ण होईल त्याच सुमाराची ही गोष्ट आहे.

कोठे शिकावे? राज्यात मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांचे विभाग आहेत, गोवा विद्यापीठात आहे, टाटा संस्थेचे मुंबईबरोबरच तुळजापूरला केंद्र आहे. बाहेर दिल्ली विद्यापीठाचा विभाग, जो श्रीनिवास यांनी १९५९ मध्ये सुरू केला, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे केंद्रीय विद्यापीठ. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. शासकीय विद्यापीठांतील शुल्क कमी असते आणि वसतिगृह मिळाले तर खर्च आवाक्यात राहतो. लोकसंख्येच्या आकड्यांची गोडी लागली, तर देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा विचार अवश्य करा. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणे तीच संस्था करते. विभाग निवडताना इमारत किंवा नाव पाहू नका. तेथे प्रबंधिका सक्तीची आहे का, ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते आणि पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत, हे तेथील विद्यार्थ्यांना विचारा. बाहेर राहणे शक्य नसेल, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू यांतून नोकरी करत शिकता येते, मात्र मग क्षेत्रकार्याची उणीव स्वतः भरून काढावी लागते.

पैशांविषयी शेवटचे. ज्या खासगी विद्यापीठांच्या एम.ए.चे शुल्क लाखांत आहे, तेथे कर्ज काढून जाऊ नका, कारण या क्षेत्रातील सुरुवातीच्या पगारावर तो हप्ता पेलत नाही. नेटमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्था आपापल्या प्रवर्गांतील पीएच.डी. करणाऱ्यांना अधिछात्रवृत्त्या देतात, त्यांच्या जाहिराती आणि मुदती सतत पाहाव्या लागतात. परदेशी जाण्याचा विचार असेल, तर केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत २०२२ मध्ये झालेला बदल लक्षात ठेवा : भारतीय समाज, संस्कृती आणि इतिहास यांवरील संशोधनाचे विषय तीतून वगळले गेले, आणि त्याचा फटका आपल्याच विषयातील विद्यार्थ्यांना बसला. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचे नियम वेगळे आहेत, ते दर वर्षीच्या जाहिरातीत तपासा.

वडिलांशी बोलताना त्यांना नोकरीची हमी देऊ नका, कारण ती देता येणार नाही. त्यांना सांगा की शासकीय विद्यापीठात जाईन, कर्ज काढणार नाही, एम.ए.च्या पहिल्या वर्षापासून सुट्टीत सर्वेक्षणाचे काम करून थोडे कमावेन, आणि एम.ए. झाल्यावर दोन वर्षांत सेट किंवा स्थिर काम यांपैकी काहीच हाती आले नाही, तर बी.एड. करेन. आणि त्याआधी, याच सत्रात, बचत गटांची ती वीस घरे करून पाहा. तिसऱ्या-चौथ्या घरानंतर तुम्हाला कंटाळा आला, तर मुख्य विषय बदलायला अजून वेळ आहे. विसाव्या घरातून निघताना आणखी विचारायचे राहिले असे वाटले, तर एम.ए.चा अर्ज निःशंक मनाने भरा.